आजोबांचा रेडिओ विकण्याआधी

अगं, आजोबांचा मर्फी विकायचा ठरवलास, त्यात वाईट वाटून घेऊ नकोस. मानपाड्याच्या त्या दोन खोल्यांत तू सगळ्यांचं सगळं किती सांभाळणार? पण ‘आधी दुरुस्त करून घेते, मग किंमत चांगली येईल’ असं जे तू फोनवर म्हणालीस ना, त्यावर जरा बोलू या.

पहिली गोष्ट, चालतो का बघायला म्हणून त्याची पिन प्लगमध्ये घालू नकोस. एकदासुद्धा नाही. इतकी वर्षं बंद पडलेल्या व्हॉल्व्हच्या सेटमधले कपॅसिटर आतून सुकलेले असतात, काही गळके झालेले असतात. एकदम 230 व्होल्ट मिळाले की ते जातात, आणि जाताना ट्रान्सफॉर्मरही जाळू शकतात. कपॅसिटर स्वस्तात मिळतात गं, पण तो ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घ्यायचा म्हणजे मोठं काम. जाणकार मेकॅनिक आधी 60 वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये लावून बघतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सेट वाचतो. तू मात्र मागचं झाकण उघडून आत हात घालू नकोस. चालू सेटमध्ये अडीचशेच्या आसपास डीसी व्होल्ट असतात आणि पिन काढल्यावरही थोडा वेळ साठून राहतात. व्हॉल्व्हच्या काचेवरचं नाव ‘यू’ने सुरू होत असेल, जसं यूसीएच 81, तर तो बहुधा एसी-डीसी सेट. त्याच्या पत्र्याच्या चासीतच करंट असू शकतो.

आता दुरुस्तीचं. घेणारा कोण, यावर ते सगळं अवलंबून आहे. घोडबंदर रोडला मालिकांची शूटिंगं चालतात, तिथल्या कलादिग्दर्शकाला रेडिओ वाजला काय नि न वाजला काय, सारखंच. त्याला कॅबिनेट हवं, बटणं शाबूत हवीत, डायलवरची गावांची नावं वाचता यायला हवीत. दिवाणखान्यात शोभेला ठेवणाऱ्यांचंही तसंच. खरा शौकीन मात्र मागून बघतो. त्याला मूळचे व्हॉल्व्ह, मूळची वायरिंग, मूळचं पुठ्ठ्याचं झाकण हवं असतं. कोणा भलत्याच माणसाने आत नवे तुकडे डकवलेले दिसले की तो भाव पाडतो, कारण ते सगळं उचकटून त्याला पुन्हा करायचं असतं. आणि ते काम स्वतःच्या हाताने करण्यातच त्याचा आनंद असतो. मग तू केलेला खर्च भरून कोण देणार? ‘चालू’ सेट हवा म्हणणारे असतात, नाही असं नाही. पण व्हॉल्व्हच्या बहुतेक सेटवर एफएम लागत नाही, फक्त मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह. आपल्या इमारतींत एलईडी दिवे नि इन्व्हर्टर यांची खरखर इतकी, की घरी नेल्यावर तो माणूस तुलाच फोन करेल.

म्हणून माझं मत सांगते, विकण्यासाठी पूर्ण दुरुस्ती करू नकोस. डायलची दोरी तुटली असेल, फ्यूज गेला असेल, वायर चिरली असेल, तेवढंच कर, तेही मेकॅनिक आधी खर्च सांगेल तेव्हा. मर्फीचा कारखाना आपल्या ठाण्यातच होता, तेव्हा ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर एकदा चौकशी कर. तिथे काम केलेलं कोणी भेटलं, तर त्याच्याइतकं मोलाचं मत तुला दुसरीकडे मिळायचं नाही.

साफसफाई मात्र मन लावून कर. कोरडा, मऊ ब्रश घे. डायलच्या काचेला आतून ओलं फडकं लावू नकोस, ती अक्षरं आतूनच छापलेली असतात आणि क्षणात पुसून जातात. लाकडाला पॉलिश नको, कितीही मोह झाला तरी. आणि आजोबांच्या ट्रंकेत रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक शोध. पूर्वी दरवर्षी पोस्टात फी भरून त्यात तिकिटं लावून घ्यावी लागायची. ते पुस्तक सेटसोबत दिलंस तर शौकीन हरखून जाईल.

विकताना ‘बंद आहे, वीज दिलेली नाही’ असं स्पष्ट सांग. पुढून, मागून, आतून फोटो काढ, आतले मेकॅनिककडून काढून घे. पहिल्या भंगारवाल्याने सांगितलेल्या आकड्याला हो म्हणू नकोस, दोन-तीन ठिकाणी विचार.

आणि एक, आईला विचारलंस का? तिला त्यावर पुन्हा एकदा गाणं ऐकायचं असेल, तर हा सगळा हिशोब बाजूला ठेव. तेव्हा दुरुस्तीला लागेल तो खर्च कर, अर्धा मी देते. मग तो विकायचा नाही, माझ्याकडे जागा आहे.