हवेच्या टाकीतील पाणी : लहान कार्यशाळांतील एक नित्याची दक्षता

तालुक्याच्या रस्त्यावरील पंक्चर काढण्याचे दुकान, घराच्या पडवीत थाटलेला रंगकामाचा अगर सुतारकामाचा व्यवसाय, शेतीची अवजारे दुरुस्त करणारी शेड आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची कार्यशाळा या सर्व ठिकाणी एक यंत्र हमखास आढळते. ते म्हणजे हवेचा कॉम्प्रेसर. शास्त्रीय परिभाषेत त्यास संपीडक म्हणतात. २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या योजनांमुळे असे लहान व्यवसाय उभे करण्यास साहाय्य झाले. यंत्र घेण्यासाठी कर्ज मिळते, जागा मिळते, वीजजोडणीही मिळते. तथापि यंत्र घेतल्यानंतर त्याची निगा कशी राखावयाची, याचे मार्गदर्शन मात्र अनेकदा राहून जाते.

या निगेतील सर्वांत सोपे, बिनखर्चाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेले पाणी रोजच्या रोज काढून टाकणे. काम दोन मिनिटांचे आहे. ते न केल्यास मात्र प्रथम कामाचा दर्जा घसरतो, नंतर टाकीचे आयुष्य घटते आणि अखेरीस जवळपास वावरणाऱ्या माणसांच्या जिवासही धोका निर्माण होतो.

पाणी येते कोठून?

टाकीत कोणी पाणी ओतीत नाही, मग ते येते कोठून, हा प्रश्न साहजिक आहे. उन्हाळ्यात गार पाण्याने भरलेल्या पितळी तांब्याच्या बाहेरील अंगास थेंब जमतात. ते तांब्यातून पाझरलेले नसतात, तर भोवतालच्या हवेतील अदृश्य वाफ थंड धातूस लागून पाण्यात रूपांतरित झालेली असते. कॉम्प्रेसरच्या टाकीत हीच क्रिया घडते. फरक एवढाच की, तेथे थंडाव्याच्या जोडीस दाबही असतो.

ठराविक तपमानास एक घनमीटर जागेत ठराविक मर्यादेपर्यंतच वाफ सामावू शकते. ही मर्यादा तपमानावर अवलंबून असते. त्या जागेत हवा किती दाबून भरली आहे याच्याशी तिचा जवळजवळ संबंध नसतो. कॉम्प्रेसर आठ घनमीटर हवा दाबून एका घनमीटरात बसवितो, तेव्हा आठ घनमीटरांतील वाफही त्या एकाच घनमीटरात येते. जागेची वाफ सामावून घेण्याची शक्ती मात्र वाढत नाही. साहजिकच अधिक झालेली वाफ पाणी होऊन तळाशी बसते.

हवा दाबली जात असताना ती तापते. त्यामुळे पंपातून बाहेर पडेपर्यंत पाणी बनत नाही. गरम हवा टाकीत येते, टाकीच्या पत्र्यास लागून निवते आणि मग पाणी सुटते. काम थांबवून रात्री शेड बंद केल्यावरही ही क्रिया चालूच राहते.

हिशेब काय सांगतो?

३० अंश सेल्सिअस तपमानास एक घनमीटर जागेत सुमारे ३० ग्रॅम वाफ सामावते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर प्रत्येक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. दाबमापकावर दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोग्रॅम दाब दिसतो, तेव्हा वातावरणाचा १ किलोग्रॅम दाब धरून हवा आठपट दाबलेली असते. म्हणजे दाबलेल्या एका घनमीटरात १९२ ग्रॅम वाफ आली. टाकी पुन्हा ३० अंशांपर्यंत निवल्यावर तीत ३० ग्रॅमच राहू शकते. उरलेल्या १६२ ग्रॅमचे पाणी होते.

लहान कार्यशाळेतील टाकी १०० लिटरची, म्हणजे घनमीटराच्या दहाव्या हिश्शाची धरली, तर टाकीभर दाबलेल्या हवेमागे सुमारे १६ ग्रॅम पाणी सुटते. दिवसभरात दहा टाक्या हवा वापरली गेल्यास हे पाणी १६० ग्रॅम होते आणि महिन्याच्या २५ कामाच्या दिवसांत ते ४ लिटरांवर जाते. यातील काही भाग हवेबरोबर पुढे नळीत जातो. तरीही बराचसा टाकीच्या तळाशी राहतो. तेवढ्या प्रमाणात हवेसाठीची जागा कमी होते, दाब लवकर उतरतो आणि मोटार वारंवार सुरू होऊ लागते. विजेचा अपव्यय होतो तो वेगळाच.

कोरड्या प्रदेशात ही दक्षता अनावश्यक आहे, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. कोकणपट्टीत पावसाळ्यात पाणी अधिक साचते हे खरे. परंतु सोलापुरासारख्या ठिकाणी एप्रिलच्या दुपारी तपमान ४० अंश व आर्द्रता अवघी २० टक्के असली, तरी दर घनमीटर हवेत सुमारे १० ग्रॅम वाफ असतेच. आठपट दाबल्यावर ती ८० ग्रॅम होते. ४० अंशांस जागेची मर्यादा सुमारे ५१ ग्रॅम आहे. म्हणजे त्या रखरखीत हवेतूनही २९ ग्रॅम पाणी सुटते. रात्री दाब कायम ठेवलेली टाकी २५ अंशांपर्यंत निवली, तर मर्यादा २३ ग्रॅमांवर येते आणि आणखी २८ ग्रॅम पाणी पडते. सारांश, ऋतू आणि प्रदेश यांनुसार प्रमाण बदलते. पाणी साचावयाचे राहत नाही.

गंजाचे छुपे कार्य

टाकी पोलादी पत्र्याची असते. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. टाकीत हे तिन्ही घटक असतात. शिवाय दाबलेल्या हवेत प्राणवायूही त्याच प्रमाणात दाटलेला असतो. बाहेरून टाकीस चकचकीत रंग असतो, परंतु आतील तळ खात जाणारा गंज कोणाच्याही दृष्टीस पडत नाही.

पत्र्यावर येणारा ताण त्याच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. ३ मिलिमीटर जाडीचा पत्रा गंजून १.५ मिलिमीटर उरला, तर त्याच दाबास त्यावरील ताण दुप्पट होतो. दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोग्रॅम दाब हा आकडा ऐकावयास लहान वाटतो. पण एक चौरस फूट पत्र्यावर तो सुमारे साडेसहा टनांचा भार होतो. पुष्कळदा पत्र्यास बारीक छिद्र पडून हवा गळू लागते आणि मालक सावध होतो. परंतु प्रत्येक वेळी अशी पूर्वसूचना मिळेलच असे नाही. कधी वेल्डिंगच्या जोडालगत टाकी एकाएकी फाटते आणि तिचे तुकडे दूरवर फेकले जातात. पंक्चरचे दुकान बहुधा बसथांब्याजवळ असते व शाळेच्या वेळी तेथे मुलांची वर्दळ असते, हे ध्यानात घेता हा प्रश्न केवळ यंत्रमालकापुरता राहत नाही.

कामाच्या दर्जावरील परिणाम अधिक लवकर दिसतात. रंगाच्या फवाऱ्यातून पाण्याचा थेंब गेला की रंगावर डाग व फोड येतात. हवेवर चालणारी हत्यारे आतून गंजतात. टायरमध्ये ओलसर हवा गेल्यास चाकाची लोखंडी रिम आतल्या बाजूने खराब होते.

निचरा करण्याची योग्य रीत

टाकीच्या तळाशी पाणी काढण्यासाठी कॉक बसविलेला असतो. निचऱ्याचे काम पुढील क्रमाने करावे.

(१) दिवसाचे काम संपताच मोटार बंद करावी आणि विजेचा प्लग काढून ठेवावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. कारण दाब उतरताच स्वयंचलित स्विच मोटार पुन्हा सुरू करू शकतो.

(२) टाकीतील हवा नळीवाटे सोडून दाब सुमारे १ किलोग्रॅमपर्यंत उतरवावा. पूर्ण दाब असताना कॉक उघडल्यास पाणी व गंजाचे कण जोराने उसळतात. उलट दाब अगदीच शून्य असेल, तर तळाचा चिकट गाळ आतच राहतो. थोडा दाब पाणी ढकलून बाहेर काढण्यास उपयोगी पडतो.

(३) डोळ्यांस चष्मा लावावा. चेहरा व हात कॉकच्या समोर येऊ देऊ नयेत. मुलांस दूर ठेवावे.

(४) कॉकखाली पसरट भांडे ठेवावे. टाकी चाकांवर असल्यास ती कॉकच्या बाजूस किंचित कलती करावी व कॉक सावकाश उघडावा.

(५) पाणी संपून केवळ हवा येऊ लागेपर्यंत कॉक उघडा ठेवावा. उरलेली सर्व हवा जाऊ द्यावी. रात्रभर कॉक उघडा ठेवल्यास आतील ओल सुकण्यास मदत होते. सकाळी यंत्र सुरू करण्यापूर्वी तो बंद करण्यास विसरू नये.

काही जुन्या टाक्यांस कॉकऐवजी आट्यांचे बूच असते. दाब असताना असे बूच सैल केल्यास ते बंदुकीच्या गोळीसारखे सुटते. यास्तव दाबमापक शून्यावर आल्याची व नळीतून हवा येणे थांबल्याची खात्री झाल्याविना त्यास पाना लावू नये. शक्य असल्यास बूच काढून तेथे बॉल व्हॉल्व्ह बसवावा व त्यास लहान धातूची नळी जोडून तो हाताशी येईल असा करावा. वाकून टाकीखाली हात घालावा लागत नाही, तेव्हा काम रोज होण्याची शक्यता वाढते.

निघालेले पाणी काय सांगते?

पाणी काढताना त्याकडे लक्ष देणे उपयुक्त ठरते. पाणी स्वच्छ अगर किंचित पिवळसर असेल, तर काळजीचे कारण नाही. दुधाळ असेल, तर त्यात पंपाचे तेल मिसळले आहे. तेल बेसुमार येत असल्यास पंपाच्या पिस्टनच्या रिंगा तपासून घ्याव्यात. तांबूस तपकिरी पाणी व गंजाचे पापुद्रे येऊ लागले, तर पत्रा खाल्ला जात आहे हे समजून टाकी जाणकाराकडून तपासून घ्यावी. तेलमिश्रित पाणी विहिरीजवळ, गटारात अगर शेतात ओतू नये. ते डब्यात साठवून जुन्या इंजिन तेलाबरोबर त्याची योग्य विल्हेवाट लावावी.

टाकीस गळती लागल्यास तीवर वेल्डिंगचे ठिगळ मारून काम चालविण्याची प्रथा अत्यंत घातक आहे. एका ठिकाणी छिद्र पडले, याचा अर्थ आजूबाजूचा पत्राही पातळ झालेला आहे. अशी टाकी कामातून काढून टाकणे हाच एक उपाय होय. टाकीची चाचणी पाणी भरून दाब देऊन घेतात, हवेने नव्हे. पाणी दाबाने फारसे आकुंचन पावत नाही, त्यामुळे चाचणीत टाकी फुटली तरी स्फोट होत नाही. ही चाचणी सक्षम व्यक्तीकडूनच करवून घ्यावी.

टाकीपुढील व्यवस्था

टाकी रिकामी ठेवली तरी काही वाफ हवेबरोबर पुढे जाते. रंगकामासाठी म्हणूनच पाणी वेगळे करणारा सापळा बसवितात. तो पंपाला चिकटून बसविल्यास फारसा उपयोग होत नाही, कारण तेथे हवा गरम असते आणि वाफ पाणी झालेली नसते. हवा काही मीटर धातूच्या नळीतून जाऊन निवल्यानंतर सापळा असावा. नळीस थोडा उतार द्यावा, फाटे नळीच्या वरच्या अंगाने घ्यावेत आणि सर्वांत सखल टोकास निचऱ्याचा कॉक ठेवावा. घरगुती पाण्याचे पीव्हीसी पाईप दाबाच्या हवेसाठी कदापि वापरू नयेत. ते तडकल्यास त्यांचे धारदार तुकडे उडतात.

सामुदायिक जबाबदारी

दाबाखालील यंत्रसामग्रीच्या सुरक्षिततेची तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३१ अन्वये करण्यात आली. तथापि त्याच्या मूळ व्याख्येनुसार विजेच्या साहाय्याने काम चालणारी व दहा अगर अधिक कामगार असलेली जागाच कारखाना ठरत असे. एकदोन माणसांची शेड अगर घरची पडवी त्या कक्षेत येत नव्हती. म्हणूनच अशा ठिकाणी निरीक्षकाच्या भेटीपेक्षा स्थानिक जागरूकतेवर अधिक भिस्त ठेवावी लागते.

ग्रामपंचायत आपले गाळे भाड्याने देते, तेव्हा कॉम्प्रेसरच्या टाकीवरील पट्टी, तीवर कोरलेले वर्ष व कमाल दाब वाचता येतात किंवा नाहीत, हे सदस्यांना सहज पाहता येईल. सुरक्षा-झडप कोणी बांधून अगर घट्ट करून ठेवलेली नाही ना, याचीही चौकशी करता येईल. कर्जप्रकरणांची छाननी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी जुनी टाकी खरेदी होत असल्यास चाचणीचा दाखला मागणे इष्ट ठरेल. शिक्षकांना तर हा विषय म्हणजे विज्ञानाचा जिवंत पाठच आहे. बॉइलने १६६२ साली मांडलेला दाब व आकारमानाचा नियम, बाष्पाचे संघनन, लोखंडाचे गंजणे हे तीनही धडे गावातील एकाच यंत्रापाशी विद्यार्थ्यांना समजावून देता येतात. अर्थात ती भेट यंत्र बंद व टाकी रिकामी असतानाच व्हावी.

नव्या यंत्राबरोबर एक वही ठेवून रोजच्या निचऱ्यापुढे खूण करण्याची सवय लागली, तर हे काम विसरले जाणार नाही. टाकी अनेक वर्षे टिकेल, काम चोख होईल आणि दुकानाबाहेर हवा भरण्यास थांबलेल्या ग्राहकाच्या जिवास धोका राहणार नाही. यासाठी लागणारा खर्च काहीच नाही. लागतात ती रोजची दोन मिनिटे.