उधारीची वही आणि कापसाचा पैसा

पोरी, पेडगावात किराणा टाकायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. जागा रस्त्याला आहे, माणसं ओळखीची आहेत, तुझा हिशोबही पक्का आहे. आता मामाचं थोडं ऐक. माझं आयुष्य गल्ल्यावर गेलं. गावातली दुकानं माल खपत नाही म्हणून बसत नाहीत. खपलेल्या मालाचा पैसा वेळेवर येत नाही म्हणून बसतात.

आपल्या काळ्या रानात पैसा बारा महिने सारखा फिरत नाही. सोयाबीन दसरा-दिवाळीला निघतं, कापसाच्या वेचण्या संक्रांतीच्या पुढंही चालतात, मग तूर येते. तेवढे महिने माणसं रोखीनं माल नेतात. मृग लागला की होतं-नव्हतं ते बियाण्यात आणि खतात जातं, आणि पोळ्यापर्यंत घराघरांत ओढाताण. तुला मोंढ्यातला व्यापारी माल देणार पंधरा दिवसांच्या बोलीवर, गाव देणार दिवाळीला. मधले महिने तुझ्या खिशातून काढावे लागतात. समज, 60 हजारांचं भांडवल आहे आणि आषाढापर्यंत 40 हजार वहीत अडकले. उरलेल्या 20 हजारांत फळ्या कशा भरशील? रिकामी फळी दिसली की रोखीचं गिऱ्हाईक परभणीची वाट धरतं आणि उधारीचं तेवढं तुझ्याकडं राहतं. म्हणून भांडवलाच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर उधारी जाऊ द्यायची नाही, हे आत्ताच ठरव.

उधारी अजिबात देऊ नको, असं मात्र मी सांगणार नाही. गावात ते चालत नाही आणि शोभतही नाही. पण दोन घरं एका मापानं धरू नकोस. मजुरीवर चालणाऱ्या घराला आठवड्याचा पगार मिळतो. त्यांची उधारी आठवड्याला मिटली पाहिजे, तिथं दिवाळीचा वायदा घेतलास तर त्यांनाही जड जाईल. शेतकऱ्याला पिकापर्यंत थांबावं लागतं, पण आकडा आधी बोलून घे. 2025च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीनं उभं पीक पाण्यात गेलं. तसं वर्ष आलं तर बाकी दोन सुग्यांवर वाटून घे, संबंध तोडू नकोस.

वही कशी लिहायची तेही सांगतो. माल फळीवरून खाली आला की आधी लिही, मग पिशवीत टाक. तारीख, जिन्नस, वजन, रक्कम. रक्कम मोठ्यानं वाच आणि समोरच्याकडून वदवून घे. प्रत्येक घराला एक छोटी वही दे, तोच आकडा त्यातही चढव. लेकरू साखर न्यायला आलं तरी वही घेऊनच यायचं. खाडाखोड झाली तर पान फाडायचं नाही, एक रेघ मारून शेजारी नवा आकडा. दिवाळीत 'एवढे कसे झाले' म्हणून जी भांडणं होतात, त्यातली बहुतेक इथंच मिटतात.

वसुली चौकात करू नये. चार माणसांत मागितलं की माणूस पैसे देत नाही, आणि वर तुझ्या दुकानासमोरून जायचंही सोडतो. संध्याकाळी घरी जा, कापूस विकल्याचं कळल्यावर दोन दिवसांत जा. शंभर दिले तर शंभर घे, लगेच मांड.

परभणीच्या दराशी झुंजू नकोस. तुझी कमाई पाच-दहा रुपयांच्या पुड्यांत, पावशेर तेलात, पहाटे रानात जाणाऱ्याला दार उघडं मिळण्यात आहे.

घरात लागणारा किराणा स्वतःच्याही नावानं वहीत लिही आणि महिन्याला स्वतःचा पगार घे. गल्ल्यातून सुटे घेतले की ते कुठं गेले ते कधीच कळत नाही. जगभर छोट्या दुकानदाराची हीच अडचण आहे. आफ्रिकेतल्या घानात 'सुसू' गोळा करणारा माणूस रोज बाजारात फिरून प्रत्येकाकडून ठरलेली रक्कम घेतो, महिन्याअखेर परत देतो आणि एका दिवसाची रक्कम आपली मजुरी म्हणून ठेवतो. आपल्याकडं सिंडिकेट बँकेनं 1928 साली उडुपीला पिग्मी, म्हणजे रोज थोडी रक्कम भरायची ठेव, सुरू केली ती याच कारणानं. पिग्मी जरूर भर, पण जास्त व्याजाची लालूच दाखवणाऱ्या पतसंस्थेत नाही. मराठवाड्यात ठेवी बुडून किती घरं रडली ते तू पाहिलंयस.

सावकाराकडं महिना शेकडा तीननं पैसे उचलशील तर वर्षाचे 36 टक्के होतात. किराण्यात एवढा नफा सुटत नाही, हे धरूनच चाल. त्यापेक्षा बचत गटात जा. सरकारच्या 'उमेद' अभियानातल्या गटांना 3 लाखांपर्यंतचं कर्ज सात टक्के व्याजानं मिळण्याची सोय आहे. 2015पासून मुद्रा योजनेत 50 हजारांपर्यंतचं शिशू कर्ज तारणाशिवाय आहे. दुकानाच्या उद्यम नोंदणीला एक पैसा लागत नाही. कुणी एजंट फी मागू लागला तर उठून ये. अन्न सुरक्षेची नोंदणीही करून घे, खायचा माल विकणाऱ्या छोट्या दुकानालाही ती लागते.

आणि मोबाइलवर पैसे घ्यायचा तो क्यूआर कोडचा चौकोन जावयांच्या खात्याला जोडू नकोस. कर्ज मागायला जाशील तेव्हा बँक तुझ्या खात्यावरची उलाढाल बघणार. तेव्हा या आठवड्यात परभणीला जाऊन आधी स्वतःच्या नावानं खातं उघड, पाटी नंतर रंगव.