पी.सी.ची घरघर आणि आपलं रेकॉर्डिंग

संत तुकाराम नगरच्या हॉस्टेल रूमवर फिरोदिया करंडकसाठी गाणं रेकॉर्ड करायचं, तर पहिला शत्रू म्हणजे पी.सी.चा पंखा! एडिटिंगमध्ये घरघर पुसायला जावं, तर गाणाऱ्याच्या आवाजातला जीवही जातो. म्हणून ती मुळातच कमी करावी.

१) माईक तोंडापासून ३० ऐवजी १५ सें.मी.वर घ्या. गाणाऱ्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. तेवढा गेन उतरवला की घरघरही ६ डेसिबलने खाली येते. खर्च शून्य!

२) कार्डिऑइड माईकची पाठ पी.सी.कडे करा. मागचं त्याला सर्वांत कमी ऐकू येतं.

३) कॅबिनेट टेबलावरून खाली उतरवा, खाली रबराचा तुकडा ठेवा, नाहीतर टेबलच गुणगुणतं.

४) पंख्यावरची धूळ काढा. गार राहिलेल्या पी.सी.चा पंखा सावकाश फिरतो. वेग २० टक्के घटला, तर आवाज सुमारे ५ डेसिबलने कमी होतो.

एक मात्र करू नका: कॅबिनेटवर गोधडी टाकू नका! हवा कोंडते, प्रोसेसर तापतो आणि पंखा दुप्पट ओरडतो.

शेवटी दहा सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. ती पास झाली, की मगच गाणाऱ्याला बोलवा.