शेतावरील अतिथिनिवास : खापरखेडा परिसरातील जोडधंद्याचा विचार

नागपूरच्या उत्तरेस सुमारे 20 किलोमीटरवर, सावनेर तालुक्यात खापरखेडा वसले आहे. येथील औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच 1989 मध्ये सुरू झाला व आज केंद्राची क्षमता 1340 मेगावॅट आहे. धुराडी, कोळशाच्या खाणी व राखेची वाहतूक पाहता शहरी कुटुंबाने विश्रांतीसाठी इकडे यावे ही कल्पनाच प्रथम विचित्र वाटेल. परंतु याच तालुक्यात संत्र्याच्या बागा आहेत, कपाशी-तुरीची शेते आहेत, आणि पुढे पेंचचे जंगल पाहण्यास जाणारे प्रवासी दर हिवाळ्यात या भागातून जातात. त्यांपैकी काहींना एक-दोन दिवस आपल्या शेतावर ठेवून घेता येईल काय, असे लहान शेतकरी विचारू लागले आहेत.

महाराष्ट्रात या धंद्याची संघटित सुरुवात 2005 मध्ये बारामती परिसरात श्री. पांडुरंग तावरे यांच्या प्रयत्नाने झाली. राज्य शासनाने 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यानुसार किमान एक एकर जमीन असलेला शेतकरी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करू शकतो. इटलीने असा कायदा 1985 मध्येच केला. पाहुण्यांचा व्यवसाय शेतीला पूरक असावा, शेतीची जागा त्याने घेऊ नये, ही त्यातील मुख्य अट होय. आपल्याकडेही हीच अट प्रत्येकाने स्वतःला घालून घ्यावी.

सर्वांत आधी जागा पाहावी. ऐन हिवाळ्यात आठ-दहा दिवस रोज सकाळी बागेतील पाने पांढऱ्या फडक्याने पुसावीत. फडके काळे होत असेल तर तेथे मुक्कामाची सोय करू नये. पाहुणा स्वच्छ हवेसाठी येतो. त्याची फसवणूक झाल्यास तो एकटाच नव्हे, त्याचे शेजारीही परत येत नाहीत.

आता पैशाचा हिशेब. समजा, ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळातील दहा शनिवार-रविवारी चार-चार पाहुणे आले व भोजनासह माणशी दररोज 1,000 रुपये मिळाले. दर खेपेस 8,000 रुपये, म्हणजे एकूण 80,000 रुपये झाले. शिधा, अंथरूण-पांघरूण, धुलाई व मजुरी यांत निम्मे गेले असे धरल्यास 40,000 रुपये उरतात. आता याच कामासाठी चार लाखांचे कर्ज काढून नवी इमारत बांधली असेल, तर शेकडा 10 दराने वर्षाचे व्याजच 40,000 रुपये होते. मुद्दल फेडण्यास काहीच उरत नाही! म्हणून पहिल्या हिवाळ्यात घरातील एकच खोली सारवून, चुना देऊन वापरावी. पुढे बांधकाम करावयाचेच झाल्यास वीज केंद्राच्या राखेपासून बनविलेल्या विटा विचारात घ्याव्यात. एप्रिल-मे महिन्यांत पाहुणे बोलावण्याचा मोह टाळावा. नागपूरचे ऊन शहरवासीयास नवे नाही, व त्यासाठी तो पैसे देणार नाही.

शहरी मनुष्य दररोज सुमारे 135 लिटर पाणी वापरतो असे नळयोजनांत धरतात. चार जणांचे 540 लिटर झाले. हे पाणी विहिरीतून निघणार व वापरल्यावर कोठे तरी जाणार. न्हाणीचे व मोरीचे पाणी केळी, अळू किंवा कर्दळीच्या वाफ्यात सोडावे, उरलेले शोषखड्ड्यात जिरवावे. शौचालय दोन खड्ड्यांचे असावे. एक भरला की दुसरा वापरात घ्यावा व पहिला दोन वर्षे बंद ठेवावा, म्हणजे त्यातील मैल्याचे खत होते. खड्डे विहिरीपासून किमान 15 मीटर दूर असावेत. चार-पाच जनावरे असल्यास शेणावर चालणाऱ्या लहान गोबरगॅस संयंत्रावर पाहुण्यांचा स्वयंपाक बऱ्याच अंशी भागतो.

संत्र्याचा आंबिया बहार ऑक्टोबरपासून व मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीस येतो. पाहुण्यांचा हंगामही हाच. पाहुण्याच्या हाती तोडणीची कात्री द्यावी, परंतु देठ कोठे कापावयाचा ते आधी दाखवावे. ओढून तोडलेले फळ टिकत नाही. फवारणी केलेल्या भागात कोणासही, विशेषतः मुलांना, जाऊ देऊ नये. यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरता येत नाही.

जेवणात ज्वारीची भाकरी, झुणका, पाटवडीचा रस्सा, वडाभात हे घरचेच पदार्थ असावेत. मात्र येथे एक गोष्ट बहुधा नजरेआड होते. पाहुणे आले की घरातील स्त्री पहाटे चारला उठते, रात्री अकराला तिचे काम आटोपते, आणि दुसऱ्या दिवशी कापूस वेचणीसही तीच जाते. तिच्या या कामाची मजुरी कोणत्याच वहीत दिसत नाही, म्हणून धंदा नफ्यात भासतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नोंदणीचा अर्ज भरून देण्यापूर्वी तिच्याशी स्वतंत्रपणे बोलावे. हिशेबाच्या वहीत तिचे तास लिहावेत, गावातील चालू दराने त्यांची मजुरी खर्चात धरावी व ती रक्कम तिच्या नावे बँकेत भरावी. एवढे करूनही शिल्लक राहत असेल, तरच पुढील हिवाळ्यात दुसऱ्या खोलीचा विचार करावा.