सव्वा महिना संपला तरी

सव्वा महिना झाला, डोक्यावरून न्हाणं झालं, देवाला जाऊन आलं, की बाळंतीण सुटली असं आमच्या साताऱ्याकडे मानतात. माझी दोन्ही बाळंतपणं माहेरी झाली. पहिल्या वेळी टाके, दुसऱ्या वेळी सिझेरियन. गर्भाशय साधारण सहा आठवड्यांत पूर्ववत होतं, हे खरं. पण रक्त, स्नायू, झोप आणि मन यांचा सव्वा महिना फार मोठा असतो. घरी येणारा प्रत्येक जण बाळाचं वजन विचारतो. आईला काय होतंय, हे कुणी विचारत नाही आणि तीही सांगत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

१. टाक्यांचं दुखणं बोलून दाखवा. लघवीला बसलं की आग होते, तेव्हा तांब्याने कोमट पाणी हळूहळू ओतत राहायचं. आग निम्मी होते. पाजायला बसताना दोन मांड्यांखाली टॉवेलची एकेक घडी ठेवायची, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही. दिवसातून दोनदा कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसायचं आणि जागा टिपून कोरडी ठेवायची. ‘बाळंतिणीने पाणी कमी प्यावं, पोट सुटतं’ हे मात्र ऐकू नका. पाणी कमी पडलं की शौचाला खडा होतो आणि टाक्यांवर जोर येतो. दर वेळी पाजायला बसताना पेलाभर पाणी हाताशी असू द्या.

२. अंगावरून जाणं चार ते सहा आठवडे चालतं. आधी लाल, मग तपकिरी, मग पिवळसर. कमी झालेलं पुन्हा लाल दिसू लागलं, तर बहुतेक वेळा काम जास्त झालेलं असतं, आडवं व्हा. तासाभरात पॅड भिजणं, मोठ्या गाठी, घाण वास, १००.४ च्या वर ताप, एकाच पोटरीला सूज आणि कळ, धाप लागणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तर रात्रीच, दवाखाना गाठा. बाळंतपणानंतरही रक्तदाब वाढू शकतो, आधी कधी वाढला नसला तरी.

३. लाडू खा, गोळ्याही घ्या. डिंक, अळीव, खारीक-खोबरं, सगळं चांगलंच आहे. पण बाळंतपणात गेलेलं रक्त लाडवांनी भरून निघत नाही. लोहाची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस रोज घ्यायची असते, कॅल्शियमही सहा महिने. सरकारी आरोग्य केंद्रात दोन्ही फुकट मिळतात, आशाताईंना विचारा. दोन्ही एकत्र घेऊ नका आणि लोहाची गोळी चहाबरोबर तर नकोच. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घ्या. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका.

४. मालिशवाल्या मावशींचे हात पाठीवरून आणि पोटऱ्यांवरून फिरले, की डोळे आपोआप मिटायचे. हे सुख प्रत्येक बाळंतिणीला मिळावं. सिझेरियन असेल तर पोटाला मात्र हात लावू द्यायचा नाही. जखम भरल्यावर डॉक्टरांना विचारून मगच. आणि बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी नको. ओवा-वावडिंगाची धुरी कितीही जुनी असली, तरी कोळशाचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि खोलीत तान्हं बाळ असतं. गरम पाण्याची पिशवीही छान शेकते.

५. आता ज्याबद्दल बायका बहिणीलाही सांगत नाहीत ते. खोकला आला, शिंक आली, बाळाला उचललं, की लघवीचा थेंब निसटतो. ‘बाळंतपणानंतर चालायचंच’ म्हणून कित्येकींनी वीस-वीस वर्षं हे अंगावर काढलेलं मी पाहिलं आहे. लग्नाकार्याला जाणं टाळणारी मावशी माझ्याच घरात होती. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले गेल्यामुळे हे होतं आणि व्यायामाने बहुतेकींचं सुधारतं. अर्नोल्ड केगेल या डॉक्टरांनी १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला. गॅस रोखताना जे आवळतं ते आवळायचं, पाचपर्यंत मोजायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. सैल सोडणं तितकंच महत्त्वाचं. श्वास चालू हवा, मांड्या आणि पोट मोकळं हवं. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. बाळाला पाजताना होऊन जातं. फरक दिसायला तीन महिने लागतात, तोवर सोडायचं नाही. तरी थांबलं नाही, तर फिजिओथेरपिस्टकडे जा.

पोट बांधण्याचंही इथेच सांगते. पट्ट्याने कमरेला आधार वाटतो, तो खराच. पण करकचून बांधलं तर दाब खाली, त्याच दमलेल्या स्नायूंवर जातो.

६. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना रडू येतं. ‘रडू नको, दूध आटेल’ म्हणणाऱ्यांनी पाच मिनिटं बाळ घ्यावं आणि तिला रडू द्यावं. दोन आठवड्यांत हे ओसरतं. त्यापुढेही उदासी राहिली, बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं, बाळ झोपलं तरी झोप येईना, तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर तिला क्षणभरही एकटं ठेवू नका, तडक डॉक्टरांकडे न्या.

७. सलग चार तास झोप हे औषध समजा आणि घरच्यांकडून मागून घ्या.

८. पाळी आली नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत, असं नसतं. पाळीच्या आधी बीज सुटतं. म्हणून तांबी, गोळ्या, जे काही ठरवायचं ते सहा आठवड्यांच्या तपासणीत ठरवा. बाळाची लसही त्याच सुमारास असते, तेव्हा दोघांचं एकाच फेरीत उरका. रक्तदाब, हिमोग्लोबिन, टाके, लघवी, झोप, संबंध, सगळे प्रश्न आधी कागदावर लिहून न्या. नवऱ्यालाही आत बोलवा आणि बाळाचं झालं तरी उठू नका, तुमचा कागद संपेपर्यंत.