‘लॉयल्टी’ आगबोट

५ एप्रिल १९१९ रोजी मुंबई बंदरातून ‘लॉयल्टी’ नावाची आगबोट लंडनकडे निघाली. बोट नवी नव्हती. परंतु तिचे मालक हिंदी होते आणि हीच त्या दिवसाची अपूर्वाई होती.

ही बोट १८९० साली इंग्लंडमधील बॅरो येथे पाण्यात उतरली. लांबी सुमारे साडेचारशे फूट, रंग पांढराशुभ्र आणि बांधा एखाद्या राजाच्या विहारनौकेसारखा डौलदार! ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे तिचे पहिले नाव. कॅनडातील व्हँकूव्हर व चीनच्या किनाऱ्यावरील हाँगकाँग यांच्या दरम्यान ती उतारू व टपाल नेत असे.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. तेव्हा ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ती विकत घेतली आणि हिंदी सैनिकांसाठी तिचे तरते रुग्णालय बनविले. जेथे उतारू झोपत, तेथे जखमी जवानांच्या खाटा मांडल्या गेल्या. तिचे नाव ‘लॉयल्टी’, म्हणजे निष्ठा, असे ठेवण्यात आले. ही निष्ठा अर्थातच इंग्रज साम्राज्याविषयीची होती.

युद्ध संपले. त्या काळी हिंदुस्थानचा परदेशाशी चालणारा बहुतेक व्यापार इंग्रजांच्या जहाजांतून होई. माल येथला, भाड्याचा पैसा मात्र परदेशी जाई. १९०६ साली चिदंबरम पिळ्ळै यांनी तुतिकोरिन येथे स्वदेशी आगबोट कंपनी काढली होती. पण इंग्रज कंपनीने भाडे उतरवून तिला टिकू दिले नाही. हे ठाऊक असूनही सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी व त्यांचे सहकारी पुढे सरसावले. १९१९ साली त्यांनी ‘लॉयल्टी’ विकत घेतली. कंपनीला शिंदे घराण्याच्या नावावरून ‘सिंदिया’ हे नाव दिले.

लवकरच इंग्रज कंपन्यांनी दर पाडून सिंदियालाही जेरीस आणले. ‘लॉयल्टी’ जुनी व खर्चिक होती. १९२३ साली ती मोडीत निघाली. बोट गेली, पण कंपनी तगली. १९४८ साली तिच्या विशाखापट्टणमच्या गोदीत बांधलेले ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले.

१९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस भारतात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. इंग्रजांवरील निष्ठेचे नाव मिरवणाऱ्या बोटीने अखेर स्वदेशाची सेवा केली.