मेंढीची जात शोधणं हेही करिअर आहे

‘शिकून पुन्हा मेंढरांच्याच मागे जायचं का?’ पशुविज्ञानाचं नाव काढलं की हिंगोली जिल्ह्यातल्या मेंढपाळ घरांत हा प्रश्न उठणं साहजिक आहे. पण जनुकशास्त्रात कळपाची जाण ही कमीपणाची गोष्ट नाही, ते भांडवल आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं काम पाहा. दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते, म्हणून संस्थेनं सुंदरबनातल्या गरोल मेंढीतलं जुळ्यांचं ‘फेक-बी’ जनुक संकरातून तिच्यात आणलं. हा गुण डीएनएतल्या एकाच अक्षराच्या बदलामुळे येतो, हे 2001 मध्ये स्पष्ट झालं. त्याच्या एका प्रचलित चाचणीत रक्तातून डीएनए काढून 190 अक्षरांचा तुकडा वाढवतात आणि त्यावर विकर सोडतात. बदल असेल तर तुकडा कापला जाऊन 160 चा उरतो. जेलवर दोन्ही पट्ट्या दिसल्या तर बदललेली एक प्रत, फक्त 160 ची दिसली तर दोन. एरवी एडक्याचा हा गुण कळायला त्याच्या लेकी विईपर्यंत थांबावं लागलं असतं.

जात ओळखणं याहून अवघड. ही दख्खनी, ती माडग्याळ, असं सांगणारं एकच जनुक नसतं. हजारो जनुकीय खुणांचं प्रमाण कळपाकळपांत मोजून कोणाचं रक्त किती मिसळलंय, हे संख्याशास्त्रानं ठरवावं लागतं. त्यासाठी तुलनेचे नमुने अस्सल आणि एकमेकांशी नातं नसलेल्या जनावरांचे हवेत. नमुनाच चुकला तर महागडं यंत्रही चुकीचंच उत्तर देतं. म्हणून एडका कुठल्या बाजारातून आणला, हे मेंढपाळाला त्याच्याच बोलीत विचारू शकणारा विद्यार्थी इथे दोन पावलं पुढे असतो.

‘पण नोकऱ्या किती?’ थेट संशोधनाच्या जागा थोड्याच : कर्नालचा राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो, अविकानगरची केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आणि विद्यापीठं. म्हणूनच पाया पशुवैद्यकीय पदवीचा असावा. परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय शेजारच्याच जिल्ह्यात आहे. प्रवेश ‘नीट’मधून मिळतो आणि आंतरवासितेसह साडेपाच वर्षं लागतात. पदवी हाती असली की दवाखाना, डेअरी, स्वतःचा व्यवसाय हे मार्ग खुले राहतात. आनुवंशिकी व पैदासशास्त्रात एमव्हीएस्सी त्यानंतर करता येतं. नीटमध्ये गुण कमी पडले तर बायोटेक्नॉलॉजीत बीएस्सी, एमएस्सी करूनही प्रयोगशाळेत जाता येतं, मात्र पशुवैद्यकाचा परवाना मिळत नाही. शिक्षणाची वर्षं मोजताना हा फरक आधीच लक्षात घ्या. आणि पालकांनो, जीवशास्त्र घेतलं म्हणून अकरावीत मुलांना गणित सोडू देऊ नका. या क्षेत्रात पुढे त्याचीच गरज सर्वांत जास्त पडते.